बेल, ऑसिलोस्कोप आणि मी

२३ सप्टेंबर २००७, रविवार
बेल बसवली. स्वतः डिझाइन केलेली. एक बटण दाबा, एकापाठोपाठ तीन ट्यून. जुनी टिंगटाँग फोडून तिचा स्पीकर वापरला, त्यामुळे परतीचा रस्ता बंद. मोठी कामं अशीच होतात. चौकोनी सेल नवा, त्यावर मार्करने ‘बेल’ लिहिलं. डबी दाराच्या चौकटीवर, कुणाचा हात नको लागायला.
ममता म्हणाली, मोठ्याने वाजू दे म्हणजे झालं. नवरात्रासाठी तिच्याकडे चनियाचोळ्यांची ढीगभर शिलाई आलीय. मोटरचं मशीन चालू असलं की दार ठोकलेलं तिला ऐकू येत नाही.

२४ सप्टेंबर
मल्टिमीटर बंद. त्याचा सेल गेलाय. स्टूलवर चढून बेलचा काढून घातला, तात्पुरता. संध्याकाळी येताना दुसरा आणायचा.

२६ सप्टेंबर
काल विसर्जन, गडबडीत गेलं. आज बेल वाजेना. ममताचं एकच, सेल बघा. रविवारीच नवा टाकलाय! बायकांना प्रत्येक गोष्टीत सेलच दिसतो.
बटणापाशी मीटर लावला. शून्य. म्हणजे सिग्नल आतल्या आत मरतोय. हे मीटरच्या आवाक्यातलं काम नाही. विजेची लाट पडद्यावर काढून दाखवणारा ऑसिलोस्कोप हवा. हल्ली यूएसबीवाले मिळतात, कॉम्प्युटरला लावायचे. हॉबीवाल्यांना परवडतात. शनिवारपर्यंत निर्णय.

२७ सप्टेंबर
ममता शांतीनगरच्या दुकानातून तयार बेल आणायला निघाली होती. मी आठवण करून दिली, आजपासून पितृपक्ष. नवी वस्तू घरात आणायची नाही. तिने पिशवी परत खुंटीला लावली. परंपरेचा असा उपयोग होतो.

२९ सप्टेंबर, शनिवार
तुलना सुरू. चायनीज: स्वस्त, दोन चॅनल, पण प्रोबची वायर म्हणे तुटून हातात येते. तैवानी: सॅम्पलिंग चांगलं, मेमरी कमी. इंग्लंडचा: सगळं चांगलं, म्हणून परवडत नाही. ऑफिसातला सुभाष म्हणाला, बेलच्या ट्यूनला साउंडकार्डवरचं फुकट सॉफ्टवेअरसुद्धा पुरेल. सुभाषची उडी तेवढीच. मला साठ मेगाहर्ट्झची बँडविड्थ पाहिजे. उद्या कोणी विचारलं, तर?

३० सप्टेंबर, रविवार
स्कोप बघायला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. रविवारी सगळं बंद असतं. हे कोणी सांगायला नको होतं का?

२ ऑक्टोबर
गांधी जयंती. दिवसभर तुलना. चायनीज पुढे. संध्याकाळी तैवानी पुढे.
ममताच्या गिऱ्हाईक नयनाबेन जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, कितना टाइम बेल दबाया, ममताबेन घर पे नहीं थी क्या? ती आतच होती, त्यांचीच चोळी शिवत होती. त्यांनी दुसरं कापड सेक्टर पाचमधल्या शिलाईवाल्या बाईंकडे टाकलं. ममताला सांगितलं. तिने मशीन थांबवलं आणि नयनाबेनची चोळी घडी करून बाजूला ठेवली. मला वाईट वाटलं. फारच वाटलं. म्हणून रात्री जेवायच्या आधी बँडविड्थचा प्रश्न निकालात काढला.

४ ऑक्टोबर
चायनीज ऑर्डर केला. पितृपक्षाचं ममताने काढलंच. उपकरण हे वस्तूत मोडत नाही, असं सांगितलं. तिने माझ्यासमोर हात जोडले.

७ ऑक्टोबर, रविवार
ममताने मशीन समोरच्या बिल्डिंगमध्ये स्वातीकडे हलवलं. स्वाती तिची मैत्रीण, काजबटणं करून देते. ममता म्हणाली, गिऱ्हाईक आलेलं कळेल अशा ठिकाणी बसते. स्टँड मीच उचलून नेला. दोन दिवसांचा प्रश्न आहे. घर मात्र एकदम शांत झालंय. टेस्टिंगला बरं.

१० ऑक्टोबर
रजा टाकून दार उघडं ठेवून बसलो. कुरिअरवाला आला. तो बेल दाबणार, एवढ्यात मीच पुढे झालो.
स्कोपच्या ड्रायव्हरला विंडोज एक्सपी लागतं. माझ्याकडे नाइन्टी-एट. तुलनेच्या तक्त्यात सगळं होतं, हा रकाना नव्हता. सुभाषला फोन. लॅपटॉप देतो म्हणाला, हसला पण.

११ ऑक्टोबर
स्कोप लावला. पडद्यावर सरळ रेघ. दोन्ही चॅनलला सरळ. पडद्यावरची सगळी बटणं दाबून पाहिली. निष्कर्ष: स्कोप डिफेक्टिव्ह. चायनीज मालाचं हे असंच, तैवानीच घ्यायला हवा होता. डीलरला कडक ईमेल लिहिला.
पुराव्यासाठी मीटर घेतला, तर तो आतला सेल सैल असल्यासारखा चालू-बंद. मागचं झाकण उघडलं. आत सेल. त्यावर माझ्या अक्षरात ‘बेल’.
ईमेल पाठवला नाही.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार. घटस्थापना
मीटरला नवा सेल आणला. बेलचा बेलमध्ये गेला. म्हणजे दोष सर्किटमध्ये नव्हताच. डिझाइन पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, हे या निमित्ताने सिद्ध झालं.
ममताला आश्चर्याचा धक्का द्यायचा, तर आधी बाहेरून ट्रायल. बाहेर गेलो, बटण दाबलं. काय वाजली! तिन्ही ट्यून, एकही सूर इकडचा तिकडे नाही. डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात वाऱ्याने दार लागलं. लॅच. किल्ली आत.
मग उगाच आणखी दोनदा दाबली. आत सुंदर वाजत होती. उघडायला कोणी नव्हतं.
लुंगीवर स्वातीच्या बिल्डिंगमध्ये गेलो. तिथे साधी टिंगटाँग. दाबली आणि लगेच दार उघडलं. आत चार गिऱ्हाइकं, नयनाबेनसुद्धा. ममताच्या गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. तिने काही न विचारता तिची किल्ली काढून दिली. बेल वाजते आता, मी म्हटलं. तिने टाचण्या काढल्या. बरं झालं, म्हणाली.
मशीन कधी आणायचं, विचारलं. म्हणाली, राहू दे इथेच, मला इथे बरं पडतं.