सत्त्याऐंशीनंतर नव्वद

मंगळवार, ४ मार्च

माझं जेवणाचं टेबल गेलं. विचारलं का कोणी? नाही. सकाळी उठून बघते तर त्यावर पांढरं कापड, दोन दिवे, वर टांगलेला कॅमेरा. आता ताट मांडीवर घेऊन जेवायचं. घर माझं, टेबल माझं, आणि मीच पाहुणी!

नातीचं खूळ. जुनी पुस्तकं हुडकायची आणि परत छापायची. आधीची तीन पलंगाखाली गठ्ठ्यात पडलीत, वाचक म्हणाल तर वाळवी. हे चौथं. नदीवरचा मोठा पूल बांधताना जी माणसं मेली त्यांची यादी आहे म्हणे त्यात. तिथल्याच एका कारकुनानं पदरमोड करून छापलेलं. वाचनालयाच्या माळ्यावर एक प्रत निघाली. दुसरी कुठंच नाही.

गुरुवार, ६ मार्च

कागद बघितला. मेलाय. पान एकदा उलटलं की तुटतं, दुसऱ्यांदा हात लावला तर भुगा. म्हणजे एकदाच उलटायचं आणि तेवढ्यात फोटो घ्यायचा. मग तो चुरा डब्यात.

नातीचे हात कापतात. म्हणाली, आजी, तू उलट.

बाइंडिंगखान्यात चाळीस वर्षं फर्म्यांच्या, म्हणजे छापून आलेल्या मोठाल्या कागदांच्या, घड्या घातल्या मी. शाळा दुसरीपर्यंत. बाकीचं वाचन त्या घड्यांतून, तेही अर्धवट — गोष्टीचा शेवट नेहमी शेजारणीच्या हातात. पण बोटं शिकलेली आहेत. एक कागद की दोन, न बघता सांगतात.

मंगळवार, ११ मार्च

सत्त्याहत्तर पानं पुलाची हकीकत झाली. आज यादी लागली. पानावर वीस माणसं. ना वर्षाप्रमाणे ना अक्षराप्रमाणे, कारकुनाला जशी कळली तशी. नाव, काम, कसा मेला. दोर तुटून. पाण्यात. दगडाखाली. एक शब्द जास्तीचा नाही. हा माणूस मला आवडला.

बुधवार, १२ मार्च

सत्त्याऐंशीवं पान उलटताना बोटांना कळलं — जाड आहे. दोन पानं चिकटलेली.

थांबायला हवं होतं. नात फोनवर होती. पुलाच्या समितीचे अध्यक्ष सांगत होते की पुस्तक निघालं की त्यातली सगळी नावं दगडावर कोरून पुलापाशी बसवू. ती हसत होती. किती महिन्यांनी! मी उलटलं. नव्वद वर आलं. तिनं फोटो घेतला. अठ्ठ्याऐंशी आणि एकोणनव्वद आतच राहिली.

म्हटलं, उद्या गुपचूप सोडवू.

गुरुवार, १३ मार्च

ती बाहेर गेल्यावर तो जोड डब्यातून काढला. बाइंडिंगखान्यात खळ लागून पानं चिकटली की आम्ही किटलीची वाफ द्यायचो, अलगद सुटायची. तेच केलं. पान सुटलं नाही. विरघळलं. हातात नुसता लगदा.

चाळीस माणसं. नळाखाली हात धुतले.

शनिवार, १५ मार्च

फोटो लावताना तिच्या लक्षात आलं. सत्त्याऐंशीनंतर एकदम नव्वद कसं?

मी डाळ निवडत होते. मान वर केली नाही. म्हटलं, जुन्या छापखान्यांत पाननंबर असे उड्या मारायचे, नंबर लावणारा पेंगला की झालं. शंभरदा बघितलंय मी.

बघितलंय, हे खरंच. म्हणून तर तिला पटलं. दुसरी कोणी असती तर चार प्रश्न विचारले असते. आजी म्हणते म्हणजे झालं!

सोमवार, ७ एप्रिल

जुने कागद सांभाळणारी एक तज्ज्ञ बाई चहाला आली होती. बोलता बोलता म्हणाली, चिकटलेली पानंसुद्धा कोरडी सोडवता येतात, वेळ लागतो एवढंच. फक्त वाफ देऊ नका.

मी आणखी साखर हवी का विचारलं.

शुक्रवार, २० जून

पुस्तक निघालं. पाननंबर सलग. प्रस्तावनेत नातीनं लिहिलंय — मूळ छपाईत पाननंबरांची एक चूक होती, ती दुरुस्त केली आहे. चूक आता त्या कारकुनाच्या माथी. मेलेला माणूस उठून भांडायला येत नाही.

पहिल्या प्रतीची शिलाई मी केली. टाका एकही हलला नाही. काय उपयोग.

रविवार, ३ ऑगस्ट

गेल्या आठवड्यात दगड बसला. तीनशे बहात्तर नावं. आज एक बाई आली, पन्नाशीची, पुस्तक हातात घेऊन. मी आतल्या खोलीत होते, दार लोटलेलं.

तिचा आजोबा पुलावर दोरांवर चढायचा. सगळे त्याला वानर म्हणत. एक दिवस घरी आलाच नाही. भावकी म्हणायची, मेला कसला, बायकापोरं टाकून पळाला. तिची आई मरेपर्यंत एकच सांगायची — कारकुनाच्या पुस्तकात माझ्या बापाचं नाव आहे, मी डोळ्यांनी बघितलंय. बाईनं यादी तीनदा वाचली. दगडही वाचून आली.

नातीनं पाणी दिलं, फोन नंबर लिहून घेतला. गोड बोलली. म्हणाली, "पुस्तक पूर्ण आहे, ताई. पान न् पान आम्ही पाहिलंय."

बाईनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "मग आईच खोटं बोलली म्हणायची. तुम्हाला उगाच त्रास दिला."

पुस्तक पिशवीत टाकून गेली. मी आत बसून होते. त्या चाळिसांत तो असेलच असं नाही. पण नव्हता असं आता जगात कोणालाच म्हणता येणार नाही, आणि आम्ही ते म्हटलं. छापून, दगडात कोरून.

सोमवार, ४ ऑगस्ट

पोरी, ही वही तुझ्यासाठी उघडी ठेवली आहे. १२ मार्चपासून वाच. रडणं नंतर. आधी कालच्या त्या बाईला फोन करून बोलावून घे. अध्यक्षांनाही. तू तोंड उघडायचं नाहीस. जाब मला विचारायचा, आणि तो मीच देणार.