मिनिट संपल्यावर

प्रिय ताई,
तुला आणि आईला नमस्कार.

मी बरी आहे. खोलीतला हीटर दुरुस्त झाला, जेवणही वेळेवर होतं. तुझी पाठ कशी आहे?

"आईचं विसरणं वाढत चाललंय, तुझं काम संपणार कधी?" असं तू विचारलंस. माझं यंत्र कागदावरच आहे, हे तुला ठाऊक आहे. पहिली पायरी अर्ध्या मिनिटात, पुढची त्याच्या निम्म्या वेळात, मग आणखी निम्म्या, अशा अनंत पायऱ्या. कुठल्याही कॉम्प्युटरकडून कधीच न संपणारं गणित ते मिनिटभरात संपवणार होतं.

गेल्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरचा सहकारी कॉफी पिता पिता म्हणाला, "बाई, दर पायरीला ते हो-नाही, हो-नाही करत राहिलं, तर मिनिट संपल्यावर उत्तर काय?"

उत्तरच नाही गं. शेवटी काहीतरी हाती लागणारच, असं मी धरून चालले होते. सगळी सिद्धता त्यावरच उभी होती. विभागप्रमुख हसले, "बरं झालं, यंत्र बांधायला नाही घेतलं!" माझी नेमणूक त्यांनी वाढवली नाही.

आईला आंघोळ घालतेस तू आणि भिंतीवर कौतुकाने फोटो लावलाय माझा. तुला माझा राग येत नाही? मला येतो.

पुढच्या महिन्यात येते. आई मला ओळखेल का, हे तू लिहायचं टाळलंस. ओळखणार नसेल तर आत्ताच कळव. दारात उभी राहिल्यावर कळायला नको.

तुझीच,
धाकटी