लॉनखालचा कागद

४ मे २००८
भालेराव सरांच्या बंगल्यावर जाऊन आलो. शाळेत गणिताला होते. अजून त्यांच्यासमोर उभा राहिलो की हात आपोआप मागे जातात. बाईंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. आता एका हातात काठी, दुसरा सरांच्या हातात, अशा उभ्या राहतात. डॉक्टर म्हणाले, अनवाणी चालवा, मऊ आणि सपाट जागेवर. अंगणात सगळी काळी माती. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात राड. खरी लॉन दोनदा लावली, दोनदा सडली. म्हणून आता खोटी, प्लास्टिकची, माझ्याकडून.
सर म्हणाले, "अरुण, पावसाआधी होईल ना? ती चालली पाहिजे रे."
होईल म्हटलं. सरांना नाही कोण म्हणणार.

७ मे
खोदाई. फूटभर माती काढली. हिरामण आणि त्याची दोन माणसं, पेठकडची, भातशेती करणारी. मागच्या एका कामात काळी माती फुगून खडीतून वर आली होती, लॉनला टेंगळं आली, चारचौघांत नाक कापलं गेलं. इथं तसं नको. खाली शेततळ्याचा प्लास्टिक कागद टाकायचा ठरवलं. दहा वर्षं द्राक्षवाल्यांच्या तळ्यांना कागद अंथरला, एक थेंब कधी गळला नाही.
हिरामण म्हणे, "भाऊ, वरचं पानी जाईल कुठं?"
उतार देऊ, म्हटलं.
"आमी खाचरात चिखल तुडवतो, पानी ऱ्हावं म्हनून. ही तशीच माती हाय. तुमी तर वर कागद बी टाकताय."
राग आला. भात लावणाऱ्यानं मला पाणी शिकवायचं!

९ मे
कागद, वर खडी, वर बारीक कच. रोलर फिरवला. कागदाच्या कडा वर वळवून चरात दाबल्या, तळ्याला दाबतो तशाच. हाताची सवय. सुरेख बसल्या. उतार फारसा निघाला नाही, सरांना सपाट हवं.

१२ मे
लॉन अंथरली. बाई पायरी उतरल्या. अकरा पावलं! सर मोजत होते, वर्गात मोजायचे तसं मोठ्यानं. बाई वाकड्या तोंडानं हसल्या. म्हणाल्या, "गवत खोटं... गुदगुल्या खऱ्या." सरांनी चष्मा काढून पुसला. मीही रडलो. इतकं समाधान कुठल्या कामात मिळालं नव्हतं.

२ जून
सरांचा फोन. चाळीस पावलं. त्यातली तीन हात न धरता.

१८ जून
चार दिवस झड. गेलो होतो. लॉनवर पाय दिला की खाली चुबुक. कडेला दाबलं तर पाणी बोटांवर आलं. कुजका वास. तिथंच उकिडवा बसून राहिलो.
सरांच्या अंगणात मी शेततळं बांधलंय.
सरांनी विचारलं, काय रे? म्हटलं, नवं काम आहे, बसेल हळूहळू.
असं म्हणालो मी.

२४ जून
बाई झोपलेल्या असताना पहारीनं आठ-दहा भोकं पाडली. सरांना सांगितलं, खाली हवा लागायला. पाणी काही उतरलं नाही, खालची माती ते घेतच नाही. उलट भोकांतून चिखल वर आला. हिरामणनं नुसती पहार धुतली. काही बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

५ जुलै
शेवाळ धरलंय. सगळं उचलून कागद काढायचा, खाली मुरूम भरायचा, पाइप टाकून पाणी गटारीला काढायचं. दुसरा इलाज नाही. पण मग सांगावं लागेल.
मंदाला सांगितलं. बायको असली तरी कधी कधी मास्तरीण होते. "अहो, जाऊन बोला एकदा. आता काय छडी मारणार आहेत का सर?"
उद्या रविवार. उद्या नको, पुढच्या.
निदान फोन करून बाईंना उतरवू नका एवढं तरी...

९ जुलै
बाई पडल्या. ऊन पडलं म्हणून सरांनी बाहेर आणलं होतं. पाचव्या पावलाला पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं.

१० जुलै
दवाखान्यात गेलो. सर बाकावर एकटेच. म्हणाले, "माझाच हात सुटला, अरुण. मी जरा फाटकाकडे बघितलं, एवढंच." चार वेळा तेच म्हणाले. मी शेजारी. एकच वाक्य बोलायचं होतं. चहा आणू का, विचारलं.
लाज वाटते. हे इथं लिहितोय, तिथं बोललो नाही.

२१ ऑगस्ट
बाई घरी आल्या, पण पलंगावरच. मी असताना त्यांनी उठून बसायला सरांकडे हात केला. सर मागे सरले, कामवाल्या मावशींना हाक मारली. मावशी हळूच म्हणाल्या, "सर हातच लावत नाय बाईला. म्हनतात, मी पाडलं." बाईंचा हात तसाच वर राहिला होता.

१४ सप्टेंबर
लॉन उचलू का, विचारलं. सर म्हणाले, राहू दे, तिला खिडकीतून हिरवं दिसतं. मी "बरं" म्हटलं. सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच रात्रभर किळस आली.

१९ ऑक्टोबर
सकाळी हिरामणला घेऊन गेलो. सरांना अंगणात बोलावलं आणि कोपरा उचलला. लॉन, कच, खडी. खाली काळा कागद, त्यावर वीतभर पाणी. पाऊस जाऊन इतके दिवस झाले तरी.
मग बोललो. कागद मी टाकला. हिरामणनं आधीच सांगितलं होतं. जूनपासून मला माहीत होतं.
सर पाण्याकडे वाकले. मग म्हणाले, "म्हणजे माझा हात सुटला नव्हता?"
"नाही सर. शेवाळावर पाय सटकला."
"आणि तू तीन महिने शेजारी बसून ऐकत होतास."
माझे हात मागे गेले होते.
सर आत गेले. खिडकीतून दिसलं, बाईंच्या पलंगाशी खुर्ची ओढली. बाईंनी हात पुढे केला. पुढचं दिसलं नाही, सरांनी खिडकी लावून घेतली.
हिरामण म्हणाला, "भाऊ, उचलू का झाकू?"
थांब म्हटलं. बारा वाजेपर्यंत थांबलो. खिडकी बंदच होती.