तुम्ही महाबळेश्वरला विळा नेला होता

अहो,

चौथीपर्यंतचं माझं लिहिणं, हसू नका. पुन्हा आश्विन आलाय आणि आपला वसंता म्हणतोय, "आई, यंदाही चल महाबळेश्वरला, बरं वाटेल." काय सांगू त्याला? तुम्हालाच विचारते.

गेल्या आश्विनात तुमचा दम वाढला, डॉक्टरांनी डोंगराची हवा सांगितली. जन्मात कधी आपण या दिवसांत घर सोडलं होतं? भात पिकलेलं असायचं, मरायला फुरसत नसायची! आता नेरूळची शेतं शहरासाठी गेली, फुरसतच फुरसत. आणि तुम्ही, देवा रे, बॅगेत स्वेटरखाली विळा ठेवलात! विचारलं तर म्हणालात, "आश्विन हाय, असूं दे गो."

किती सुंदर होतं हो तिथे! पाऊस सरलेला, उतारभर पिवळी फुलं, सकाळचं धुकं खाली दरीत. मी वेड्यासारखी बघत राहिले. तुम्हाला मात्र खालच्या शेतातलं पिकलेलं भातच दिसत होतं. "अगो, भात झरतंय, कोनीच कापत नाय!"

एका सकाळी तुम्ही खोलीत नव्हतात. धापा टाकत, वाकून, परक्याच्या शेतात कापणी चालली होती तुमची! कापलेलं ओळीने नीट अंथरलेलंही. शेतवाली बाई धावत आली. "ओ बाबा, आमचं शेत हाय ह्ये!"

तुम्ही विळा खाली ठेवलात आणि तिलाच विचारलंत, "मंग आमचं कुठं हाय?"

तिनं तुम्हाला पाणी दिलं. मी तिच्यासमोर रडले, लाज नाही वाटली.

त्यानंतर तुम्ही अंथरूण धरलंत ते धरलंतच. हवेचा काय दोष? पण तिथे नेलं मीच, माझ्यावर निदान चिडायचं तरी! दिवाळीलाही थांबला नाहीत.

वसंताला मी नाही म्हणणार. डोंगर बघून आता काय करू?

आपली जागा कधी विसरणार नाही, असं वचन द्यायला बसले होते. पण परवा आपल्या शेताच्या जागी चालत गेले, तर चारी बाजूंना इमारती सारख्याच, रस्ताही नवा. आपला बांध कुठे होता, मला सापडला नाही. उन्हात थोडी उभी राहिले आणि परत आले.

म्हणून एवढंच वचन देते. नातवंडांनी आपलं शेत कुठे होतं असं विचारलं, तर उगाच कुठेतरी बोट दाखवणार नाही. माहीत नाही म्हणेन.

तुमचीच,
यमुना