रेणूच्या कानावरचे केस

सोम. ७ जुलै
सुनेनं जाता जाता परत सुनावलं, "आत्याबाई, रेणूचे केस कापून टाकू, गळायलेत." कापायला जसं काय हिनं वाढवलेत. सहा वर्षं झाली, नातीच्या दोन वेण्या रोज मी घालते. सून माझी, सुजाता, शाळेत शिकवायला बसवकल्याणची बस धरती, घरात फणी कुठंय ते म्हाईत न्हाई तिला. केस कमरेला टेकायलेत पोरीचे. कामून कापायचे?

बुध. ९
रेणूचं डोक्यावरनं न्हाणं. शाळेची गाडी हॉर्न मारायली, केस वल्ले. वल्लेच गुंफले, रिबिनी वढून बांधल्या. घट्ट घातली की वेणी वाढते, आई माझ्या अशाच घालायची. रेणू म्हणली, "आजी, डोळे वर जायलेत." म्हणलं, जाऊ दे, फळा चांगला दिसंल.
गुडघे लई दुखायलेत.

शुक्र. ११
गळलेल्या केसावर भांडी देणारी आली आमच्या हुलसूरला. फणीतले केस मी कोनाड्यात पिशवीत कोंबते. वर्षाला एक पिशवी भरायची, औंदा चार महिन्यांतच भरली. मला वाटलं, पातेलं येईल.
तिनं गुंता बोटानं उलगडला. अर्धे तुकडेच. म्हणली, "गीले बांधते क्या अम्मा? कसके?"
पातेलं न्हाई. चहाची गाळणी ठेवून गेली.
शाळेतून आल्यावर रेणूला अंगणात उजेडात बसवलं. दोन्ही कानांवर कातडी दिसायली. रोज हे डोकं माझ्या हातात, आन् मी

शनि. १२
कालच सांजंला न्हाऊ घातलं, सकाळी केस कोरडे. सैल वेण्या, रिबीन नुसती अडकवली. शाळेच्या बाईनं रेणूसंगं चिठ्ठी धाडली, वेण्या नीट घट्ट घालून पाठवा. चुलीत घातली.
रेणू आल्या आल्या म्हणली, "आज डोकं दुखलं न्हाई."
म्हंजे रोज दुखत व्हतं. बोलली कामून न्हाईस ग?
"तू म्हणली असतीस, जाऊ दे."


रवि. १३
सुनेला सांगून टाकलं. श्याम्पूचं न्हाई, पाण्याचं न्हाई, माझ्या हातानं झालंय. वाटलं, आता तोंड सोडंल. ती कणीक मळत राहिली. मग म्हणली, तर मग कापूच, नवीन चांगले येतील, मंगळवारी सुट्टी काढते, पार्लरला नेते. मी म्हणलं, दोन महिने सैल घालून बघू, तेल लावीन, वढणार न्हाई. ती म्हणली, तुमचा हात राहायचा न्हाई. खोटं न्हाई तिचं. सवयीनं बोटं आपोआप वढतेत, आज बी दोनदा वढली.
आमचं चाललंवतं तंवर पोरगी दारात उभी. दोन्ही हात डोक्यावर.

सोम. १४
सुजाता, वही माझी वाचतेस, म्हाईत हाय मला. तर वाच. उद्या पार्लरला न्यायच्या आधी पोरीला इचारायचं. तू मधी बोलायचं न्हाई, मी तर न्हाईच. रेणूनंच सांगायचं.