कपाटाच्या दारावरचं पान

शनिवार, १४ तारीख
सकाळी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं सुखरूप पोचलो. गाडीत बसायला जागा मिळाली. आईचे गुडघे अजून कुरकुरताहेत, पण जीभ ठणठणीत आहे, त्यामुळे काळजी नको. फोन सोडून बाबा पत्र कसे काय लिहायला लागले, असं तुला वाटेल. कळेलच.

मंगळवारचा तू आखून दिलेला दिवस झकास गेला. एका दिवसात तीन संग्रहालयं म्हणजे आईच्या मते शिक्षाच. जुन्या इंजिनांच्या संग्रहालयात मी रमलो आणि ती बाक शोधत फिरली. प्राण्यांच्या संग्रहालयात पेंढा भरलेल्या वाघासमोर उभी राहून म्हणाली, "याचे डोळे अगदी तुमच्यासारखे. टक लावून बघतो, दिसत काही नाही." शेजारची एक अनोळखी बाई खो-खो हसली. दुपारी तीनला तुझ्या संग्रहालयात आलो. तू म्हणालीस, "माझी मीटिंग चारला संपेल. तोवर लाकडी सामानाचं दालन बघा, माझं कपाट तिथेच आहे."

इथवर भराभर लिहिलं. आता पेन अडतंय.

दालनावर त्या जाड चष्म्याच्या मावशी होत्या. "तुम्ही आमच्या ताईंचे आईबाबा ना?" असं म्हणत त्या आम्हाला थेट कपाटापाशी घेऊन गेल्या. "दारावरची ही वेल अर्धी गेलेली होती. ताईंनी पाच महिने बसून नवी कोरली. जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं, ओळखून दाखवा बरं, बाबा!" मग आईचा चेहरा बघून म्हणाल्या, "तुम्ही फार दमलात. थांबा, आतून खुर्ची आणते." दालन सोडून त्यांना जाता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आई दाराशी भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. कपाटासमोर मी एकटा.

चाळीस वर्षं सुतारकाम केलं. जोड ओळखायला मला दोन मिनिटं पुरतात. वाकून बघितलं, बाजूने बघितलं, चष्मा काढून बघितलं. जोड सापडेना. अशा वेळी बापाची छाती फुगायला हवी. मला राग आला.

तू बारा वर्षांची असताना पटाशी मागायला आली होतीस. मी तुला हाकललं होतं, "हे पोरींचं काम नाही, हात कापून घेशील." थोरल्याला मात्र कान धरून शिकवलं, त्याने वर्षभरात रंधा टाकला तो टाकलाच. तू पुढे कुठे शिकलीस, कुणाच्या हाताखाली, हे मी कधी विचारलंसुद्धा नाही. त्या दारासमोर मला तुझी चूक हवी होती. एक तरी.

डोळ्यांना सापडेना, म्हणून नख फिरवलं. जोड असला की नख अडतं. अडलं नाही. मग एका पानाखाली अंगठा घालून दाबलं. कट्‌ आवाज झाला आणि पान माझ्या हातात आलं.

तुझा जोड सुटला नाही, पोरी. तो जसाच्या तसा आहे. त्याच्या शेजारचं जुनं, पोखरलेलं लाकूड तुटलं. ते तुटलं तेव्हा कुठे मला तुझा जोड दिसला, केसाएवढा.

मी पान खिशात टाकलं. मावशी खुर्ची घेऊन आल्या, त्यांनी आईला बसवलं आणि मी त्यांचे आभार मानले. चारला तू धावत आलीस. "कपाट कसं वाटलं, बाबा?" मी म्हणालो, "बरं आहे." तुझा चेहरा उतरला, तोही बघितला.

बुधवारी तुझा फोन आला. वेलीचं पान कुणीतरी तोडून नेलं, त्या कोपऱ्यात कॅमेरा नाही, मावशींना घरी बसवलंय आणि जागेवर का नव्हत्या ते त्या सांगतच नाहीत. यावर मी काय म्हणालो, आठवतं? "लोकांना काडीची अक्कल नसते." असं म्हणून मी फोन ठेवला आणि पोटभर जेवलो. मावशी का सांगत नाहीत, ते मला पक्कं कळतं. खुर्ची कुणासाठी आणायला गेल्या, हे सांगितलं की तुझं नाव येतं. त्या बाईने माझ्या मुलीला सांभाळलं आणि मी त्या बाईला बुडवलं. लाज वाटते म्हणणं सोपं आहे. तीन दिवस आरशासमोर दाढी करता आली नाही मला.

काल शर्ट धुवायला घेताना आईला पान सापडलं. तुला ठाऊकच आहे, ती गप्प बसणारी नव्हे. पण काल एक अक्षर बोलली नाही. आज सकाळी चहाबरोबर कागद आणि पेन आणून माझ्यासमोर ठेवलं.

पान कापसात गुंडाळून सोबत पाठवतोय. तुटलेल्या कडा घासू नकोस, असं लिहिणार होतो. पण तुला मी काय सांगणार? हे पत्र साहेबांना दाखव. नोकरीच्या जागी बापाचा असला कागद पुढे करायला तुला जड जाईल, तरी दाखव. कुरियर सोमवारी पोचेल. मंगळवारी मी येतोय, आधी मावशींच्या घरी आणि मग तुमच्या ऑफिसात. आधी पत्र पाठवतोय, कारण तुझ्यासमोर हे तोंडातून निघणार नाही. तिथे माझ्या शेजारी उभं राहायचं की नाही, ते तू ठरव. नाही राहिलीस तर माझा रुसवा नाही.

आणि कपाट बरं नाहीये. इतकं चांगलं काम मी जन्मात पाहिलं नाही, माझ्या हातूनही झालं नाही. हे तिथे, तुझ्या तोंडावर, मावशींच्या देखत म्हणायला हवं होतं.

खाली नेहमीसारखं 'तुझे बाबा' लिहिलं असतं. पण कागद साहेबांपुढे जायचाय, तेव्हा स्पष्ट लिहितो.

पान तोडणारा,
तुझा बाप