जुना माल आधी

सोमवार, ३ मार्च
नव्या बुटाने उजव्या अंगठ्याला फोड आणला. किरकोळ बाब, सौ.स कळवण्याजोगी नाही. मधुमेह्याने पाय जपावेत असे डॉक्टर नेहमी बजावतात, परंतु ते बेशिस्त पेशंटांसाठी.

मंगळवार, ४ मार्च
फोड फुटला. भोवती लाली. डॉक्टरांकडे जाणे म्हणजे अर्धा दिवस आणि पूर्ण उपदेश. औषधांच्या कपाटाची तपासणी केली असता, मेहुण्याने बरे वाटताच सोडून दिलेला अँटिबायोटिकचा अर्धा कोर्स आढळला. मुदत संपत आलेली. आमच्या गोदामाचा नियम स्पष्ट आहे: जुना माल आधी बाहेर. कॉमर्सचे शिक्षण असे उपयोगी पडते. त्यातली पहिली गोळी रोजच्या शुगरच्या गोळीसोबतच घेतली.

गुरुवार, ६ मार्च
उपाशीपोटी शुगर ७८! काल आईस्क्रीम नाकारल्याचे फळ. इच्छाशक्ती म्हणतात ती हीच.
दुपारी हात थरथरले, दरदरून घाम. ऑफिसचा एसी बिघडल्याची तक्रार केली. शिपाई म्हणाला, साहेब, आम्ही तर स्वेटर घालून बसलोय. काहींची कातडीच जाड असते.
अंगठा किंचित सुजला आहे. औषध आत काम करत असताना असे होणारच.

शुक्रवार, ७ मार्च
शुगर ६४. न्याहारीच्या टेबलावर यश जाहीर केले. टाळ्या नाहीत. कन्या म्हणाली, बाबा, हे यश नाही, शुगर लो झालीय. आधी साखर खा. मधुमेह्यास साखर! बाणेदारपणे नकार दिला. सौ. म्हणाली, अहो, आरशात बघा, चेहरा पांढराफटक पडलाय. संयमाचे तेज सर्वांनाच ओळखता येत नाही.
आज महत्त्वाची मीटिंग. बूट चढेना, चप्पल घालून जातो.

रविवार, ९ मार्च, हॉस्पिटल
मीटिंगमध्ये मी जनरल मॅनेजरांना मावशी म्हणालो व खाली कोसळलो, असे सांगतात. मला स्मरत नाही.
डॉक्टरांनी सविस्तर खुलासा केला. ते अँटिबायोटिक माझ्या शुगरच्या गोळीशी जमवून घेत नाही. दोन्ही मिळून शुगर खाली खेचतात. आईस्क्रीमचा काहीएक संबंध नाही. शिवाय मेहुण्याचा आजार निराळा, जंतू निराळे. माझ्या जखमेवर त्या गोळ्यांचा परिणाम शून्य. अंगठा चिरून पू काढावा लागला. आणखी उशीर केला असतात तर अंगठाच काढावा लागला असता, म्हणाले. मेहुणा भेटायला आला होता; म्हणाला, भावोजी, मागितल्या असत्या तर ताज्या आणून दिल्या असत्या.
आता नवे अँटिबायोटिक, पूर्ण कोर्स, शुगरच्या गोळीचा डोस बदललेला, तपासणी वारंवार. हे सर्व डॉक्टरांनी कन्येस समजावले. पेशंट मी असताना! वेळापत्रकात एक सुधारणा सुचवण्यासाठी मी घसा साफ केला.
सौ. गोळी घेऊन उभी होती. म्हणाली, अहो, तुम्ही फक्त तोंड उघडा.
उघडले.